स्कॅनर सेन्सरचं नाव घेतो, तेव्हा

मीटरवर इंजिनचा पिवळा दिवा लागतो. स्कॅनर जोडला की पडद्यावर ओळ येते: पी०११८, इंजिन कूलंट टेम्परेचर सेन्सर सर्किट, हाय इनपुट. वाचणाऱ्याच्या डोळ्यांत भरतो तो एकच शब्द, सेन्सर. नवा सेन्सर येतो, बसतो, कोड पुसला जातो, आणि दोन दिवसांनी दिवा परत हजर. मग 'डुप्लिकेट लागला असेल' म्हणून ओरिजिनल मागवतात. तोही बसतो. दिवा काही हटत नाही.

त्या ओळीतला कामाचा शब्द 'सर्किट' होता. इंजिनचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीएम, कूलंटचं तापमान कधीच बघत नाही. त्याच्यापर्यंत येते ती एका वायरीवरची व्होल्टची चिठ्ठी. चिठ्ठी लिहितो सेन्सर, पोचवते वायर, वाचतो ईसीएम. मजकूर चुकला तर तिघांपैकी कोणीही दोषी असू शकतो. वायरीच्या वाटेवर कपलर (वायरी जोडायचा-सोडवायचा प्लग), त्यातल्या पिना, क्लिपा आणि अर्थचा बोल्ट असे आणखी बरेच जण उभे असतात, ते वेगळेच. कोड एवढंच सांगतो की आलेला मजकूर पटण्यासारखा नाही. कोणी बिघडवला, ते शोधणं आपल्यावर.

हे शोधायला फार मोठं सामान लागत नाही. चालू आकडे दाखवणारा स्कॅनर, डिजिटल मल्टिमीटर, त्या गाडीचं वायरिंग डायग्राम आणि थोडा धीर. यातलं शेवटचं सगळ्यात दुर्मिळ.

पाच व्होल्टची वाटणी

कूलंटचा सेन्सर दोन वायरींचा आणि सगळ्यात साधा, म्हणून तोच धरून पुढे जाऊ. त्याच्या पोटात थर्मिस्टर असतो. हा गरम झाला की त्याचा रेझिस्टन्स, म्हणजे करंटला होणारा अडथळा, घटतो. बऱ्याच गाड्यांत वापरला जाणारा एक प्रकार २० अंशांना सुमारे २५०० ओहम दाखवतो, ९० अंशांना २४० च्या आसपास आणि १०० ला साधारण १८६. तुमच्या गाडीचे आकडे वेगळे असू शकतात, तक्ता बघूनच ठरवायचं; पण उतार असाच असतो, आधी तीव्र आणि मग सपाट होत जाणारा.

ईसीएमच्या आत ५ व्होल्टचा पुरवठा असतो आणि त्याच्यापुढे एक कायमचा रेझिस्टर. त्याच्या टोकापासून सिग्नलची वायर बाहेर पडते, सेन्सरमधून जाते आणि दुसऱ्या वायरीने ईसीएमच्याच अर्थला परत येते. म्हणजे दोन रेझिस्टन्स एकामागे एक आले. आता ५ व्होल्टची या दोघांत वाटणी होते आणि ज्याचा रेझिस्टन्स मोठा त्याला मोठा वाटा मिळतो. आतला रेझिस्टर २२०० ओहमचा धरला, तर थंड इंजिनला सेन्सरच्या वाट्याला २.६६ व्होल्ट येतात आणि ९० अंशांना जेमतेम अर्धा व्होल्ट. हा वाटा ईसीएम मोजतो, आपल्या तक्त्यात बघतो आणि तापमान ठरवतो. बस, एवढाच खेळ आहे.

आता वायर तुटली असं समजा. करंट थांबला, वाटणीच बंद पडली, सगळे ५ व्होल्ट सिग्नलच्या वायरीवर तसेच उभे राहिले. ईसीएमच्या हिशोबाने एवढा मोठा व्होल्टेज म्हणजे भयंकर थंडी, आणि स्कॅनरवर बहुतेक वेळा उणे ४० अंश दिसतात. उलट सिग्नलची वायर कुठेतरी बॉडीला टेकली की वाटा शून्य होतो आणि स्कॅनर १३०-१४० किंवा त्याच्याही वरचा आकडा दाखवतो. हे दोन आकडे ओळखीचे ठेवा. भर दुपारी उणे ४० दिसलं की वायर तुटली आहे, पिन सुटली आहे किंवा सेन्सर आतून तुटला आहे. नुकत्या चालू केलेल्या इंजिनला १४० दिसलं की कुठेतरी शॉर्ट आहे.

इथे एक गंमत आहे, आणि ती भल्याभल्यांना फसवते. पी०११८ मधलं 'हाय' हे व्होल्टेजबद्दल आहे, तापमानाबद्दल नाही. व्होल्टेज जास्त म्हणजे तापमान कमी. कोडमधलं 'हाय' वाचून रेडिएटर आणि वॉटर पंप उघडून बसलेली माणसं मी पाहिली आहेत. त्याचा जोडीदार पी०११७ 'लो इनपुट'चा, म्हणजे व्होल्टेज कमी, तापमान अति. आणि पी०११६ म्हणजे व्होल्टेज शक्य त्या मर्यादेत आहे, पण बाकीच्या परिस्थितीशी जुळत नाही. हा तिसरा कोड तुटलेल्या वायरीचा क्वचित असतो. तिथे सेन्सर, थर्मोस्टॅट, कमी झालेलं कूलंट किंवा अर्धवट खराब झालेला जोड, यांच्याकडे आधी बघावं.

सेन्सर बाजूला काढून वायरीला प्रश्न विचारा

कोड पुसायची घाई करू नका. कोडबरोबर ईसीएमने 'फ्रीझ फ्रेम' साठवलेली असते, म्हणजे कोड पडला त्या क्षणी इंजिनचे फेरे किती होते, वेग किती होता, लोड किती होता. ते लिहून किंवा फोटो काढून ठेवा. कोड पुसला की तेही जातं, आणि अधूनमधून येणाऱ्या फॉल्टमध्ये तोच एकमेव साक्षीदार असतो.

मग किल्ली ऑन ठेवून, इंजिन बंद, स्कॅनरवर कूलंटचा आकडा लावा. समजा १४० दिसतंय. सेन्सरचा कपलर काढा. आकडा झटकन उणे ४० वर गेला तर वायर ठीक, ईसीएमही ठीक. शॉर्ट सेन्सरच्या आत होता. कपलर काढूनही १४० च राहिला, तर सेन्सरचा काही संबंध नाही. सिग्नलची वायर वाटेत कुठेतरी बॉडीला किंवा अर्थच्या वायरीला चिकटली आहे. पाच सेकंदांचं काम, आणि अर्धं सर्किट संशयातून मोकळं.

उलट बाजूने, सुरुवातीलाच उणे ४० असेल तर कपलर काढून काहीच बदलणार नाही, सर्किट आधीच उघडं आहे. तेव्हा कपलरच्या वायरीकडच्या बाजूला, दोन पिनांमध्ये वायरीचा छोटा तुकडा जोडायचा. आकडा तळातून थेट वर गेला तर दोन्ही वायरी शाबूत आहेत, सेन्सर बदला. हलला नाही, तर त्याच तुकड्याचं एक टोक सिग्नलच्या पिनेत ठेवून दुसरं बॉडीच्या अर्थला लावा. आता वर गेला? मग सेन्सरची अर्थची वायर तुटली आहे. आताही जागचा हलला नाही? मग सिग्नलची वायर तुटली आहे, किंवा ईसीएमकडची पिन. चार शक्यता, दोन मिनिटं, आणि पान्याला हात लावलेला नाही.

एक सांभाळायचं. फॉल्ट सापडला की बरेच ईसीएम स्वतःच्या मनाने एक सुरक्षित आकडा धरून चालतात आणि रेडिएटरचा पंखा सतत चालू ठेवतात. काही गाड्यांत स्कॅनरवर तो मनचा आकडाच दिसतो. तेव्हा आकडा ८० च्या आसपास ठाम राहून हलतच नसेल, तर स्कॅनर बाजूला ठेवा आणि कपलरवर मल्टिमीटरने व्होल्टेज बघा. आणि हा वायरीचा तुकडा जोडण्याचा प्रकार दोन वायरींच्या तापमान सेन्सरपुरताच. तीन वायरींच्या सेन्सरवर अंदाजाने पिना जोडल्या तर ५ व्होल्टची लाइन थेट अर्थला जाईल.

हात घालण्याआधी आणखी दोन गोष्टी. पिवळ्या कपलरच्या एअरबॅगच्या वायरी आणि हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीतल्या नारिंगी केबल यांना मल्टिमीटर लावायचा नाही, ते वेगळ्या प्रशिक्षणाचं काम आहे. आणि ईसीएमच्या वायरींवर जुना बल्बवाला टेस्टर वापरू नका. बल्ब खेचतो तेवढा करंट या बारीक सर्किटला झेपत नाही.

पाच व्होल्ट दिसतात म्हणून वायर चांगली?

इथपर्यंत सगळं सरळ होतं, कारण वायर पूर्ण तुटली होती किंवा पूर्ण चिकटली होती. खरा घाम फोडते ती अर्धवट खराब वायर.

नेहमीची पद्धत अशी: कपलर काढायचा, पिनेत मल्टिमीटर लावायचा, ५ व्होल्ट दिसले की 'वायर ओके' म्हणून सेन्सर बदलायचा. ही तपासणी जवळपास निरुपयोगी आहे. चांगल्या डिजिटल मल्टिमीटरचा स्वतःचा रेझिस्टन्स १ कोटी ओहमच्या घरात असतो. म्हणजे तो वायरीतून करंट जवळजवळ घेतच नाही. समजा पिनेवर गंज धरून तिथे १०,००० ओहमचा अडथळा तयार झालाय, सेन्सरपेक्षाही मोठा. तरी मल्टिमीटर ५ ऐवजी ४.९९५ दाखवेल आणि तुम्ही समाधानाने मान डोलवाल. नळाचा पाइप गाळाने भरलेला असला तरी तोटी बंद असताना दाब पुरा दिसतो, तसंच हे. तोटी उघडल्याशिवाय गाळ कळत नाही.

तीच फसवणूक बीप वाजवणाऱ्या कंटिन्युइटीतही होते. बऱ्याच मीटरचा बजर काही दहा ओहम असले तरी वाजतो. तो फक्त वायर पोचते एवढं सांगतो, कशी पोचते ते नाही.

म्हणून कपलर लावलेला ठेवून, सर्किट चालू असताना मोजायचं. पिनेच्या मागच्या बाजूने, रबरी सीलच्या कडेने बारीक पिन सरकवून मल्टिमीटर जोडायचा. वायरीचं आवरण टोचायचं नाही. त्या भोकातून पाणी शिरतं आणि काही महिन्यांनी तुम्हीच केलेला फॉल्ट तुम्हालाच शोधावा लागतो. समोरून मीटरची जाड प्रोब बायकी पिनेत कोंबली तर पिन फाकते, तीही तशीच.

एक उदाहरण आकड्यांनिशी करून बघू. सिग्नलच्या वायरीच्या वाटेत एका पिनेवर गंजामुळे फक्त १०० ओहम वाढलेत. थंड इंजिनला सेन्सर २५०० आणि हे १००, मिळून २६००. ईसीएमला २० ऐवजी १९ अंश वाटतात. कोणाच्या लक्षात येणार? आता इंजिन ९० ला आलं. सेन्सर २४३, अधिक १००, म्हणजे ३४३. ईसीएम ७८ अंश समजतो. इंजिन खरंच १०० ला पोचलं तरी त्याला ८४ च दिसतात. ९८ ला पंखा चालू करायचा हे त्याला माहीत आहे, पण ९८ कधी दिसतच नाहीत. ट्रॅफिकमध्ये गाडी उकळायला लागते आणि दिवा लागलेला नसतो, कारण ८४ हा अगदी पटण्यासारखा आकडा आहे. काही गाड्यांत फार तर पी०१२८ येतो, 'कूलंट थर्मोस्टॅटच्या तापमानापर्यंत पोचत नाही', आणि बिचारा थर्मोस्टॅट बदलला जातो.

हा १०० ओहमचा चोर ओहम मीटरने शोधणं त्रासाचं, व्होल्टने सोपं. इंजिन गरम, कपलर लावलेला, मीटरची एक प्रोब ईसीएमच्या सिग्नल पिनेवर आणि दुसरी सेन्सरच्या सिग्नल पिनेवर. एकाच वायरीची दोन टोकं. वायर निरोगी असेल तर फरक जवळजवळ शून्य. आपल्या उदाहरणात ईसीएमकडे ०.६७ आणि सेन्सरकडे ०.४८, म्हणजे सुमारे ०.२ व्होल्ट वाटेतच गायब. मग प्रोब एकेका जोडाने पुढे सरकवायची, फरक जिथे उडी मारतो तिथे चोर. अर्थच्या वायरीलाही हेच, सेन्सरच्या अर्थ पिनेपासून ईसीएमच्या अर्थ पिनेपर्यंत. तिथेही काही मिलिव्होल्टच्या वर फरक दिसायला नको. शिवाय सेन्सरची अर्थ पिन आणि बॅटरीचं निगेटिव्ह यांच्यात मोजलं आणि साधारण ५० मिलिव्होल्टच्या खूप वर आकडा दिसला, तर ईसीएमच्या स्वतःच्या अर्थकडे, बॉडीवरच्या त्या बोल्टकडे बघायची वेळ आली.

ही सगळी उठाठेव करायची आहे का, ते ठरवायला एक फुकटची चाचणी आहे. गाडी रात्रभर उभी राहू द्या. सकाळी इंजिन चालू न करता स्कॅनरवर कूलंटचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान शेजारी शेजारी बघा. रात्रभरात दोन्ही बाहेरच्या हवेइतके झालेले असतात, तेव्हा दोन-चार अंशांच्या आत जुळायलाच हवेत. एक ठळकपणे वेगळा निघाला तर संशय त्याच्यावर. मात्र १०० ओहमवाला चोर या चाचणीतून सहज निसटतो हे वर पाहिलंच. त्याच्यासाठी गरम इंजिनच लागतं.

तीन वायरी आल्या की

थ्रॉटल (इंजिनला हवा सोडणारी झडप), मॅनिफोल्डचा (ती हवा सिलिंडरपर्यंत नेणाऱ्या नळ्यांचा) दाब, एसीच्या गॅसचा दाब असे सेन्सर बहुधा तीन वायरींचे: एक ५ व्होल्टचा पुरवठा, एक अर्थ, एक सिग्नल. सिग्नल साधारण अर्ध्या व्होल्टपासून साडेचारपर्यंत खेळतो. शून्य ते पाच पूर्ण का वापरत नाहीत? मुद्दाम. अर्ध्याखाली किंवा साडेचारच्या वर काही आलं की ते मोजमाप असूच शकत नाही, वायर तुटली किंवा चिकटली असणार, हे ईसीएमला लगेच कळावं म्हणून दोन्ही काठांना मोकळी जागा सोडलेली असते.

यात घोळ होतो तो ५ व्होल्टच्या लाइनमुळे. ती बऱ्याचदा तीन-चार सेन्सरना मिळून एकच असते. त्यातला एक आतून शॉर्ट झाला की लाइन बसते आणि सगळ्यांचे कोड एकदम येतात: दाबाचा, थ्रॉटलचा, एसीचा, वर पी०६४२ सारखा रेफरन्स व्होल्टेज कमी असल्याचा. पाच कोड म्हणजे पाच सेन्सर गेले असं कधी मानू नका. पाच जण एकाच वेळी आजारी पडले तर आधी विहीर तपासायची. मल्टिमीटर ५ व्होल्टच्या वायरीवर लावून ठेवा आणि त्या लाइनवरचे कपलर एकेक करून काढत जा. जो काढल्यावर आकडा टुणकन ५ वर आला, तो गुन्हेगार. आणि तो बहुतेक वेळा तक्रारीशी संबंध नसलेला निघतो. गाडी पिकअप घेत नाही म्हणून आलेली असते आणि बिघडलेला असतो एसीचा प्रेशर सेन्सर. सगळे काढूनही आकडा बसलेलाच राहिला तर हार्नेस, म्हणजे वायरींचा एकत्र बांधलेला जुडगा, किंवा ईसीएम.

क्रँकशाफ्टच्या, म्हणजे इंजिनच्या फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या, सेन्सरबद्दल थोडक्यात. दोन वायरींचा जुना प्रकार चुंबक आणि कॉइलचा. तो स्वतःच उलटसुलट होणारं (एसी) व्होल्टेज तयार करतो, त्याचा रेझिस्टन्स मोजता येतो. तीन वायरींचा बहुधा हॉल प्रकारचा, म्हणजे आत इलेक्ट्रॉनिक चिप असलेला, त्याला पुरवठा लागतो आणि ओहम मीटर लावून काही अर्थ निघत नाही. स्टार्टर मारताना स्कॅनरवर इंजिनचे फेरे शून्य दिसत असतील तर इथे या. गरम झाल्यावर गाडी गपकन बंद आणि थंड झाल्यावर निमूट चालू, ही या सेन्सरची जुनी खोड; पण वायर आणि कपलरही गरम झाल्यावर अगदी असंच वागतात. कॉइलवाल्याच्या दोन वायरी दुरुस्तीत अदलाबदल झाल्या तर सिग्नल उलटा होतो आणि इंजिनचं टायमिंग बिघडतं, म्हणून तोडण्याआधी खूण करा. याच्या पुढची तपासणी ऑसिलोस्कोपची, म्हणजे व्होल्टेजचा क्षणाक्षणाचा आलेख दाखवणाऱ्या यंत्राची. मल्टिमीटर सरासरी दाखवतो, सेन्सरसमोर फिरणाऱ्या चाकाचा मधला गेलेला एक दात त्याला दिसत नाही.

फक्त रिव्हर्स घेताना

माझ्या स्वतःच्या गाडीत हे प्रकरण झालं होतं. मॅनिफोल्ड प्रेशर सेन्सरचा कोड, आठवड्यातून एखादा. दोन ठिकाणी दाखवली, दोन सेन्सर बदलले गेले. कपलर स्वच्छ, ५ व्होल्ट बरोबर, अर्थ बरोबर. सगळं तपासून झालं की फॉल्ट गायब, आणि घरी लावली की दिवा हजर.

शेवटी शहाणपण सुचलं ते फ्रीझ फ्रेम नीट वाचल्यावर. तीन वेळचे फोटो होते. तिन्ही वेळा वेग ताशी ३-४ किलोमीटर आणि इंजिन गरम. म्हणजे गाडी लावताना. लावताना मी काय वेगळं करतो? रिव्हर्स घेतो. पुढे जाताना इंजिन आपल्या रबरी माउंटिंगवर एका बाजूला कलतं, रिव्हर्सला दुसऱ्या. मित्राला सीटवर बसवलं, एक पाय ब्रेकवर, हँडब्रेक ओढलेला, स्कॅनरवर प्रेशरचा ग्राफ. मी बॉनेटच्या बाजूला उभा, समोर कोणी नाही. रिव्हर्समध्ये क्लच किंचित सोडला की इंजिन डुलायचं आणि ग्राफला खड्डा पडायचा.

मग इंजिन बंद केलं, किल्ली ऑन ठेवली आणि हार्नेस एकेक वीत हलवत गेलो. मित्र ग्राफ बघतोय, "आता... नाही... आता!" असं ओरडतोय. जागा सापडली ती सेन्सरपासून हातभर लांब. पूर्वी कधीतरी गिअरबॉक्सचं काम झालं होतं, तेव्हा हार्नेस धरणारी एक प्लॅस्टिकची क्लिप तुटली आणि कोणी परत लावली नव्हती. हार्नेसचा भार एका वळणावर येत होता. गंमत म्हणजे वायरीचं आवरण अखंड होतं, एक ओरखडा नाही. पण दोन बोटांत धरून हलकं ओढलं की सिग्नलची वायर त्या अर्ध्या इंचात रबरासारखी ताणायची. आतली तांब्याची तार तुटलेली, नुसतं आवरण उरलेलं. ही ओढून बघायची चाचणी तेव्हापासून कायम करतो. चांगली वायर ताणत नाही. काढलेले दोन्ही जुने सेन्सर नंतर लावून बघितले, दोन्ही उत्तम चालतात.

अधूनमधून येणाऱ्या फॉल्टमध्ये खरं काम हेच: तो यावा अशी परिस्थिती आपण तयार करायची. हलवून, हेअर ड्रायरने जपून गरम करून, पावसात येत असेल तर पाण्याचा बारीक फवारा मारून. आणि नजर ग्राफवर, कारण नुसता आकडा बघत बसलं तर खड्डा डोळ्यांना दिसण्याआधी निघून जातो.

जोड देताना

वायर कापली की आतलं तांबं बघा. लख्ख लालसर असेल तर ठीक. काळपट किंवा हिरवं असेल तर अजून मागे कापा, स्वच्छ तांबं लागेपर्यंत. पाणी वायरीच्या आत तारांच्या फटींतून केशाकर्षणाने बरंच दूर चढतं. तेलही चढतं. गळका ऑइल प्रेशर स्विच किंवा कॅमचा सेन्सर असेल तर तेल वायरीतून सरकत पार ईसीएमच्या कपलरपर्यंत पोचलेलं सापडतं, आणि तेव्हा नुसता जोड बदलून भागत नाही, गळती आधी थांबवायला लागते.

जोड डाग देऊन (सोल्डर करून) करावा की क्रिम्प करून (धातूच्या नळीत घालून चेपून), यावर दोन मेकॅनिक भेटले की वाद ठरलेला. माझं मत क्रिम्पकडे झुकतं. डाग दिला की कथील तारांत शिरतं आणि तेवढा भाग कडक होतो. इंजिनच्या थरथरीने वायर नेमकी त्या कडक भागाच्या काठावर तुटते. डाग द्यायचाच असेल तर जोड वळणावर घेऊ नका आणि त्याला जवळच आधार द्या. क्रिम्प मात्र खऱ्या क्रिम्पिंग टूलने करायचा. पक्कडीने चेपलेला क्रिम्प हा पुढच्या फॉल्टचा पाया असतो. वरून आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह, गोंद दोन्ही टोकांना किंचित बाहेर येईपर्यंत गरम करायची. नुसती पिळून टेप गुंडाळलेली वायर इंजिनच्या उष्णतेत जास्त टिकत नाही. टेपचा चिकटा वितळून ओघळतो आणि टेप सुटते.

शेजारच्या दोन-तीन वायरी जोडायच्या असतील तर जोड एकाच रेषेत घेऊ नका, पुढेमागे घ्या. नाहीतर तिथे गाठ होते आणि घासली तर सगळे एकमेकांना लागतात. वायर तेवढ्याच जाडीची घ्या. एकमेकींभोवती पिळलेल्या वायरी असतील तर दुरुस्तीनंतरही तसाच पीळ ठेवा. तो बाहेरचा विद्युत गोंगाट मारण्यासाठी असतो. वायरीवर शील्डची जाळी असेल तर ती बहुधा एकाच टोकाला अर्थ केलेली असते, दुसऱ्या टोकाला 'आणखी चांगलं' म्हणून अर्थ करू नका.

कपलरची पिन सैल असेल तर तीच जुळणारी नरपिन हातात घेऊन घालून-काढून बघा. थोडा विरोध जाणवला पाहिजे. सहज निसटली तर पिन बदला, सुईने दाबून घट्ट केलेली पिन फार दिवस तग धरत नाही. कपलरचं सील फाटलेलं असेल तर नवी पिनसुद्धा वर्षभरात हिरवी होईल. आणि हार्नेस परत पूर्वीच्याच वाटेने, पूर्वीच्याच क्लिपांत. ज्या जागी तो घासला होता तिथे नुसती टेप न मारता त्याला त्या धारेपासून दूर बांधा.

सगळं झालं की किल्ली ऑन करा, कोड पुसा, आणि ज्या परिस्थितीत कोड पडत होता तीच परत घडवा. फ्रीझ फ्रेममध्ये गरम इंजिन आणि कमी वेग असेल तर थंड इंजिनवर मोकळ्या रस्त्यावर मारलेली फेरी काही सिद्ध करत नाही. कोड पुसल्यावर ईसीएमच्या स्वतःच्या चाचण्याही कोऱ्या होतात. त्या पूर्ण व्हायला काही थंड-गरम फेऱ्या जातात, आणि स्कॅनरच्या 'रेडिनेस' पानावर सगळ्या चाचण्या पूर्ण दिसेपर्यंत दिवा न लागणं हा पुरावा धरायचा नाही. माझ्या गाडीला त्यासाठी पाच दिवस लागले. त्या पाच दिवसांत रिव्हर्स मात्र मी गरजेपेक्षा बराच जास्त घेतला.